एका दिवसाचा जुना रस्ता

तळेगाव दाभाडे ते खोपोली हे अंतर जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने सुमारे ४५ किलोमीटर आहे, जाऊन-येऊन ९०. मोटारीने जाणाऱ्याला हे अंतर म्हणजे काहीच नव्हे. सायकल मात्र त्यासाठी उजेडाचा सगळा दिवस मागते, आणि वयाची शेहेचाळिशी गाठलेल्या, आठवड्यातले सहा दिवस खडू-फळ्यापाशी उभ्या राहणाऱ्या मराठीच्या प्राध्यापिकेकडून त्याआधीचे दोन महिनेही मागते. डिसेंबरातल्या एका रविवारी हा प्रवास करायचा असे मी ठरवले आहे. प्रस्तुत लेख प्रवासाचा नाही, त्याच्या आखणीचा आहे. प्रवास होईल तेव्हा होईल. आखणी करतानाच जे काही समोर येत गेले, ते इतके झाले की ते आधी लिहून टाकणे बरे.

निमित्त वर्गातले. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना आपण सगळेच ठरलेल्या वाटेने जातो. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’, पु. लं.ची ‘अपूर्वाई’, मग मीना प्रभू. प्रवास म्हणजे परदेश, निदान हिमालय, असा एक अलिखित संकेत मराठी प्रवासवर्णनाने रूढ केला आणि अभ्यासक्रमाने तो पक्का केला. एके दिवशी मागच्या बाकावरून खोपोलीकडची एक विद्यार्थिनी उभी राहिली. म्हणाली, “मॅडम, मी रोज एस. टी.नं घाट चढून येते. त्याचं प्रवासवर्णन होतं का?” वर्ग हसला. मी तिला त्या वेळी जे उत्तर दिले ते पाठ्यपुस्तकी होते: अनुभवाचे नावीन्य, दृष्टीचे नावीन्य वगैरे. प्रश्न मात्र तिथेच उभा राहिला. ज्या रस्त्याने आम्ही दोघी रोज, दोन बाजूंनी, महाविद्यालयाकडे येतो, तो देशातल्या अतिशय जुन्या वाहत्या रस्त्यांपैकी एक आहे. आणि आम्ही दोघीही तो खिडकीला डोके टेकून, डुलक्या घेत ओलांडतो.

सायकल सुचली ती यातूनच. पायी चालणे अधिक उत्तम, हे मला मान्य आहे. ज्या गावात गो. नी. दांडेकर राहिले त्या तळेगावात राहून पायपिटीविरुद्ध काही लिहिण्याची माझी छाती नाही. पण ९० किलोमीटर पायी एका दिवसात होत नाहीत आणि मला दिवस एकच मिळतो. सायकलचा वेग सपाटीला ताशी पंधरा, चढाला सहा-सात. या वेगात रस्त्याकडेच्या पाट्या वाचता येतात, माणसे ओळखू येतात, आणि चढ ही नकाशातली गोष्ट न राहता मांडीतली होते. प्रवासाची आखणी म्हणजे किलोमीटरांची बेरीज नव्हे. कुठे थांबायचे आणि कुठे थांबायचे नाही, हा तिचा खरा विषय. लेखनातही दुसरे काय असते?

वडगाव मावळ हे पहिलेच गाव, तळेगावपासून चार-पाच किलोमीटरवर. येथे सायकल तापायलाही वेळ मिळत नाही, तरी थांबणे भाग आहे. डिसेंबर १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावांना पेशवाईवर बसवण्यासाठी घाट चढून आली. सोबत तोफा, आणि हजारोंनी बैल. ही फौज ९ जानेवारी १७७९ ला तळेगावला पोचली. खंडाळा ते तळेगाव हे अंतर, जे मी माझ्या मध्यम वकुबाच्या सायकलवर अडीच तासांत कापू म्हणते, ते कापायला तिला दोन आठवड्यांच्या वर लागले. तळेगाव मराठ्यांनी जाळून ओस पाडले होते. फौज मागे फिरली, तोफा तळ्यात ढकलल्या, वडगावात वेढली गेली, आणि १६ जानेवारीला तह झाला. महादजी शिंद्यांचे मोठेपण या प्रसंगात आहेच, परंतु मला थांबायचे आहे ते जेम्स स्टुअर्ट या कप्तानासाठी. तो ४ जानेवारीला कार्ल्याजवळ मारला गेला. मराठ्यांनी त्याचे नाव ‘इष्टुर फाकडा’ असे करून टाकले, आणि वडगावात आजही त्याची समाधी दाखवतात. चाल करून आलेल्या शत्रूला भाषेने आधी उच्चारात बसवले, मग पदवी दिली. ‘फाकडा’ हा शब्द शौर्यापेक्षा ऐटीला अधिक जवळचा आहे, हे लक्षात घेतले की त्यातले कौतुक आणि त्यातली किंचित थट्टा दोन्ही कळतात. त्या मोहिमेच्या वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांची नावे मावळात कोणाच्या तोंडी नाहीत. या कप्तानाचे आहे.

वडगावनंतर कामशेतपर्यंत रस्ता एक छोटा घाट चढतो-उतरतो. पाय कितपत साथ देणार, याची चाचणी येथेच होते. डावीकडे लोहगड आणि विसापूर दिसू लागतात, भाताची कापणी आटोपलेली असते, आणि इंद्रायणी कधी जवळ येते कधी लांब जाते. रस्ता पश्चिमेकडे चढत असतो आणि नदी पूर्वेकडे, देहू-आळंदीकडे, उतरत असते. रोजच्या एस. टी.त मला हे कधी जाणवले नव्हते. नकाशा टेबलावर पसरून पेन्सिलीने रेघ ओढताना जाणवले.

कार्ला फाटा आला की आखणी अडते. लेणी फाट्यापासून आत, डोंगराच्या खांद्यावर. सायकल पायथ्याशी लावून पायऱ्या चढायच्या तर जाऊन-येऊन दीड तास गेला. भूगोल विभागातल्या सहकाऱ्यांनी माझे वेळापत्रक पाहून सरळ सांगितले, “मॅडम, लेणी तरी गाळा, नाहीतर घाट तरी गाळा. डिसेंबरात सहाला सूर्य जातो.” भाजे मी गाळले, बेडसे गाळले, लोहगडाचा तर विचारही केला नाही. कार्ले गाळवत नाही. त्याचे कारण एकविरा आई हे अर्धे. उरलेले अर्धे कारण म्हणजे एक सुतार.

कार्ल्याचे चैत्यगृह इ. स. पूर्व पहिले शतक ते इ. स. चे दुसरे शतक या काळातले. त्याच्या छताला बसवलेल्या लाकडी फासळ्या अजून जागेवर आहेत. त्याच्या भिंती-खांबांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत दात्यांची नावे कोरलेली आहेत. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी आहे. जंबुद्वीपातले उत्तम शैलगृह आपण पुरे केले, असे तो ठणकावून सांगतो. धेनुकाकट या गावचे यवन आहेत, त्यांनी खांब दिले. प्रवेशद्वारासाठी दान देणारा एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. आणि त्याच दाराशी आणखी एक नाव आहे: धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा, धंद्याने ‘वढकी’, म्हणजे सुतार. दार यानेच घडवले. (हिंदीतला ‘बढई’ हा या वढकीचा वंशज. मराठीने मात्र ‘सूत्रधारा’पासून आलेला ‘सुतार’ जवळ केला आणि नाटकाला व लाकूडकामाला एकाच मुळात बांधून ठेवले.) दाता सगळीकडे सापडतो, घडवणारा क्वचित. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या वाटेवर एका कारागिराला त्याच्या बापाच्या नावासकट, गावासकट दगडात जागा मिळाली, ही साधी गोष्ट नाही. येथल्याच एका लेखात ‘मामाल’ नावाचा आहार, म्हणजे प्रांत, येतो. तेच आजचे मावळ, असे अभ्यासक मानतात. सूर्य मावळतो ती बाजू म्हणून मावळ, ही व्युत्पत्ती आपण शाळेपासून ऐकतो. ती सुंदर आहे. परंतु ‘मामाल’ समोर असताना ती तितक्या खात्रीने वर्गात सांगू नये, असे माझे मत झाले आहे.

तेव्हा कार्ले ठेवले, पण परतीच्या वाटेवर. सकाळी थेट लोणावळा.

लोणावळ्याबद्दल येथे फार लिहिण्याचे कारण नाही. शनिवार-रविवारचे लोणावळे सायकलस्वाराने जितक्या लवकर मागे टाकावे तितके बरे. चिक्की तेवढी घ्यावी. रेल्वेच्या कामावरच्या मजुरांसाठी गूळ-शेंगदाण्याचा हा पदार्थ निघाला, अशी कथा सांगतात. खरी-खोटी असो, चढावर खाण्यासाठी याहून चांगले काही मला सापडलेले नाही.

खंडाळ्यानंतर मात्र जमीन संपते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरांच्या आसपास, खोपोली शंभराच्या आत. यातली बहुतेक उंची खंडाळ्यापुढच्या दहा-अकरा किलोमीटरांत सुटते. म्हणजे परतताना दर शंभर मीटरांना पाच-सहा मीटर चढायचे. मी उतरत्या बाजूला राहते, ही या आखणीतली मोठी अडचण. कोकणातून येणारा प्रवासी आधी चढतो आणि मग वाऱ्यावर घरी जातो. मी आधी फुकटचे उतरणार आणि निम्मा दिवस सरल्यावर, उन्हात, त्याची किंमत देणार. खोपोलीहून कर्जत आणि कर्जतहून लोणावळा असा रेल्वेचा मार्ग आहे, सायकल त्यात टाकावी, असे दोघा-तिघांनी सुचवले. मी नाही म्हटले. हा घाट ज्यांनी ज्यांनी इतिहासात आणला ते सगळे तो चढून आले. बंदरातला माल चढून आला, तोफा चढून आल्या, १८०९ साली मारिया ग्रॅहम ही इंग्रज बाई कार्ल्याची लेणी पाहायला आली तीही चढूनच. उतरून गेले ते पाणी. तेही आता स्वतःच्या मर्जीने जात नाही. इंद्रायणीच्या खोऱ्यातले, म्हणजे बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी वळवणच्या धरणात अडवून, नळांतून कड्याखाली सोडून, १९१५ सालापासून खोपोलीला वीज केली जाते. ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. गिरण्या गेल्या. नळ अजून उतरतात.

घाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत. त्याआधी वेल्स्लीने १८०४ च्या सुमारास तोफांसाठी वाट रुंदावली होती. १८३० च्या कामातला दगडी पूल आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. त्याच्यावरच्या वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीमुळे लोक त्याला ‘अमृतांजन पूल’ म्हणू लागले, आणि गव्हर्नराचे नाव पुसून मलमाचे राहिले. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, द्रुतगती मार्गाची अडचण म्हणून तो पाडला. आखणीत मी तेथे दहा मिनिटे ठेवली आहेत. पाहण्यासारखे तेथे काही नाही, याची मला कल्पना आहे. पण घाटात सरळ खाली बघत दम घ्यायला दुसरी सोयीची जागा नाही. आणि नसलेल्या पुलाचा पत्ता सगळ्यांना अजून ठाऊक आहे, हेही काही कमी नव्हे.

रेल्वेचा घाट नंतरचा, १८५६ ते १८६३. चढ ३७ला एक. सायकलवाल्याला यापेक्षा सुखद चढ मिळणार नाही, दुर्दैवाने तो रुळांवर आहे. या कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि कंत्राट त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, हाताखालच्या अभियंत्यांच्या मदतीने पुरे केले. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांवर मजूर घाटात होते. पटकीने, तापाने, सुरुंगाने, कड्यावरून पडून ते हजारोंनी मेले. कंत्राटदारिणीचे नाव आपल्याला ठाऊक आहे, ते असायलाच हवे. त्या चाळीस हजारांतल्या एकाचे तरी नाव, बापाच्या नावासकट, गावासकट, कुठे कोरलेले मी पाहिलेले नाही. सामी सुताराला दोन हजार वर्षांपूर्वी जे मिळाले ते यांना दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मिळाले नाही.

मिळाले ते फक्त एकाला, तेही शिलालेखातून नव्हे. खोपोलीच्या बाजूला जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. जाता-येता गाडीवाले येथे नाणे टाकतात. साहेबाला घाटातून वाट सापडेना, ती शिंगरोबा नावाच्या धनगराने आपली जनावरे हाकत दाखवली. साहेब म्हणाला, काय हवे ते माग. धनगर म्हणाला, देश मोकळा कर. साहेबाने त्याला गोळी घातली. कथा एवढीच. समीक्षकाच्या चष्म्यातून पाहिले तर तिचा शेवट उघडच उत्तरकालीन वाटतो. त्या काळातल्या धनगराने चराईचा हक्क मागितला असता, कर माफ करून घेतला असता. ‘देश मोकळा कर’ ही मागणी विसाव्या शतकाची आहे. हे मी वर्गात एकदा सांगितले. खोपोलीची ती मुलगी तास संपल्यावर टेबलापाशी आली. ती स्वतः धनगराची. म्हणाली, “आमचे आजोबा गोळीचं सांगतच नाहीत मॅडम. ते म्हणतात, वाट आमची होती, एवढंच सांगायचं. पुढचं लोकांनी लावलं.”

हे ऐकल्यावर आखणी बदलली. तोवर शिंगरोबा माझ्या कागदावर ‘पाच मिनिटे, फोटो’ असा होता. मी शेवटाची चिकित्सा करत होते, आणि तिचे आजोबा कथेच्या सुरुवातीपाशी ठाम बसले होते. कथेतला इनकार करता न येणारा भाग तोच आहे. मोजणीदाराची दुर्बीण येण्याआधी हा डोंगर मेंढ्यांच्या पायांना पाठ होता. माल्कमचा रस्ता काय, रेल्वे काय, वाट ‘शोधली’ असे कागद म्हणतात. कागदांत वाट दाखवणारा नाही, म्हणून लोकांनी त्याला देव केले. नाव गेले असते. नाणे टाकण्याच्या निमित्ताने ते राहिले. मौखिक परंपरेला आपण परीक्षेत पाच गुणांची टीप म्हणून शिकवतो. येथे तिने एकटीने ते काम केले आहे जे कार्ल्यात छिन्नीने केले.

आता धोक्याविषयी, कारण तो खरा आहे. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर जुना रस्ता हलका होईल, असे वाटले होते. मावळच्या सपाटीवर काही वर्षे तो तसा होताही. आता तेथे गावे रस्त्यावर आली आहेत. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. परंतु घाटाच्या एका तुकड्यात दोन्ही रस्ते एकत्र होतात. तेवढ्या अंतरात अवजड वाहनांच्या सोबतीवाचून गत्यंतर नाही. घाटच टाळावा म्हणून खोपोली ते कुसगाव असा बोगद्यांचा आणि उंच पुलांचा जोडरस्ता आखला गेला. तो ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यात मी नाही. घरी या विषयावर रीतसर परिसंवाद झाला. यजमान म्हणाले, “अगं, ट्रकवाल्याला तुझी प्राकृतं कळणार आहेत का?” सासूबाईंनी वेगळाच मुद्दा काढला: “तिथं बाईमाणसाला आडोसा तरी आहे का कुठं?” हा प्रश्न एकाही सायकलस्वाराने मला विचारला नव्हता, घाटाबद्दल सल्ला देणारे सगळे पुरुष होते. मी त्याचे उत्तर शोधले. लोणावळा स्थानक, खोपोली स्थानक, आणि मधल्या पंधरा किलोमीटरांत भरवशाचे काही नाही. तेव्हा पाणी किती आणि केव्हा प्यायचे, हेही वेळापत्रकात लिहावे लागले. प्रवासवर्णनांत ही ओळ सहसा येत नाही. बायकांनी लिहिलेल्यांतही कमीच.

उतरताना ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, थांबून थांबून उतरायचे. एकत्र रस्त्याचा तुकडा सकाळी साडेनऊच्या आत आणि परतताना दुपारी एकच्या सुमारास. अंगात भडक पिवळा सदरा, मागे दिवसाही लुकलुकणारा लाल दिवा. सरावाचे म्हणून दर रविवारी कामशेतचा छोटा घाट तीनदा चढते आहे. पहिल्या रविवारी दुसऱ्याच खेपेला उतरून सायकल ढकलली, आता तीनही होतात. गुडघ्याच्या डॉक्टरांनी हरकत घेतलेली नाही, उत्साहही दाखवला नाही.

वेळापत्रक अखेरीस असे झाले. पहाटे सव्वासहाला दिव्यावर निघायचे. वडगाव साडेसहा, इष्टुर फाकड्यापाशी दहा मिनिटे. लोणावळा पावणेनऊ, चहा आणि चिक्की. न उरलेल्या पुलापाशी साडेनऊ. शिंगरोबा दहा. येथे पाच मिनिटांऐवजी पाऊण तास. खोपोली गाठून पाणी भरून सव्वाअकराला चढ. दीडपर्यंत लोणावळा, जेवण. तीनला कार्ला, फक्त दर्शनी भिंत, दार आणि सामीचे नाव. आत रेंगाळायचे नाही. सव्वाचारला पायथा, सहाला घर. यात पंक्चरसाठी अर्धा तास धरायचा राहतो, तो बहुधा जेवणातून काढावा लागेल.

शिंगरोबापाशी पाऊण तास, कारण तेथे खोपोलीहून ती मुलगी येणार आहे, आणि जमले तर आजोबांना घेऊन. आजोबांना रस्त्याच्या आधीची पायवाट ठाऊक आहे. ती कुठून वर निघते ते ते देवळासमोर उभे राहून हाताने दाखवतील, असे ती म्हणते. तिने त्यांना विचारले तेव्हा त्यांनी एकच चौकशी केली, “बाई सायकलवर येणार, ती वरून येणार का खालून?” वरून, असे तिने सांगितले. “मग सकाळी येतील,” ते म्हणाले, “चढताना कुणी बोलत नाही.”